तीन होमपेजांपैकी कोणतं? सध्या एकही नको

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूर आणि आसपासचे प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी आणि इथल्या संस्थांमधले शास्त्रज्ञ यांच्यासाठी तुमच्या मंडळाने बारा वर्षांपूर्वी एक साइट सुरू केली. पीएचपीबीबी या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवर चालणारी, प्रश्नोत्तरं, चर्चा आणि सभासदांची ओळखपानं असलेली. पहिली काही वर्षं गजबज होती, आता आठवड्याला दोन-तीन पोस्ट पडल्या तरी खूप. समितीने 'नवं रूप' द्यायचं ठरवलं, एजन्सीने होमपेजची तीन चित्रं पाठवली. त्यातलं कोणतं घ्यावं, आणि सोबत ॲपही काढावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

सध्या एकही घेऊ नका. एजन्सीचं काम वाईट आहे असं नाही, तिसरं चित्र तर छानच आहे. पण तुमच्या साइटवर होमपेजच्या दारातून येतं कोण? होस्टिंगवाल्याकडून गेल्या वर्षभराचा लॉग, म्हणजे कोण कुठून कोणत्या पानावर आलं त्याची नोंद, मागवा आणि स्वतः पाहा. मी हाताळलेल्या अशा साइटींवर प्रकार सारखाच होता: माणूस गूगलवर काहीतरी शोधतो आणि थेट सात वर्षांपूर्वीच्या एखाद्या उत्तरावर येऊन उतरतो, नाहीतर मेलमधल्या लिंकवरून येतो. होमपेज निरखून पाहतात ते समितीचे सदस्य आणि उद्घाटनाचे पाहुणे. त्यांचं मन राखू, पण ते काम शेवटचं.

हे मी शहाणपणाने नाही, ठेच लागल्यावर शिकलो. साधारण दहा वर्षांपूर्वी एका अभ्यासगटाची साइट मी नव्याने बांधली. सगळे पत्ते बदलून सुटसुटीत केले आणि जुने पत्ते नव्यांना जोडायचं काम 'नंतर बघू' म्हणून ठेवून दिलं. पंधरा दिवसांत एका संशोधक मुलाचा फोन. त्याच्या प्रबंधाच्या तळटीपेत आमच्या साइटवरच्या एका चर्चेची लिंक होती. काळ्या मातीत नमुने किती खोलीवरून घ्यावेत यावर एका निवृत्त सरांनी सविस्तर लिहिलं होतं ते. तोंडी परीक्षेआधी परीक्षकांनी ती उघडायचा प्रयत्न केला. "सर, ते पान उघडूनच नाही राहिलं ना," एवढंच तो म्हणाला, आणि मला भर उन्हाळ्यात घाम फुटला. प्रबंध तर आता शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाणार, तिथली तळटीप कोण बदलणार? तीन रात्री बॅकअप उपसून मी बहुतेक पत्ते परत जोडले. सगळे नाही जमले.

तेव्हापासून पहिली अट हीच घालतो: जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता चालू राहिला पाहिजे. पान हललं असेल तर जुन्या पत्त्यावर ३०१ क्रमांकाचा कायमचा रीडायरेक्ट, म्हणजे येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय. करारात हे वाक्य स्वतंत्र लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यावर अडकवून ठेवा. संशोधकांच्या साइटवर तर याला दुप्पट महत्त्व आहे, कारण इथला माणूस लिंक नुसती उघडत नाही, ती संदर्भ म्हणून छापतो.

मोठ्या साइटींनी याच्या दोन्ही तऱ्हा दाखवल्या आहेत. गणितज्ञांची प्रश्नोत्तरांची साइट मॅथओव्हरफ्लो २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटींच्या जाळ्यात गेली. आतली यंत्रणा बदलली, पण नाव आणि पत्ता तोच ठेवला, जुनी प्रश्नोत्तरं सोबत नेली, आणि माणसंही टिकली. उलट डिग या बातम्यांच्या लिंक वाटून घ्यायच्या साइटने ऑगस्ट २०१० मध्ये एका झटक्यात सगळंच बदलून टाकलं, लोकांच्या सवयीच्या सोयी काढल्या. चिडलेले वापरकर्ते घोळक्याने रेडिट या तशाच दुसऱ्या साइटवर गेले, आणि २०१२ मध्ये ती साइट विकावी लागली.

दुसरी गोष्ट. सभासदांना गूगल फॉर्म पाठवून 'नव्या साइटवर काय हवं' असं विचारू नका. 'ॲप', 'डार्क मोड' आणि 'आकर्षक डिझाइन' अशी उत्तरं येतील, आणि आकर्षक म्हणजे काय ते पुन्हा कोणी सांगणार नाही. त्याऐवजी पाच-सहा जणांच्या शेजारी जाऊन बसा. साइट वापरायला किती सोपी हे तपासणारे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांना वापर करताना पाहिलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. माझाही अनुभव तोच. फक्त ते पाच जण एकाच कँटीनमधले नकोत. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतला एक शास्त्रज्ञ घ्या, मेडिकलमधला एक निवासी डॉक्टर, विद्यापीठातली मराठी किंवा इतिहासाची एक विद्यार्थिनी, काटोल-उमरेडकडच्या कॉलेजातले मोबाइलवरच सगळं पाहणारे एक सर, आणि एक ग्रंथपाल. ग्रंथपाल विसरू नका; विद्यार्थी कुठे अडतात हे गाइडपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. प्रत्येकाला तुमच्या साइटवरचं एक खरं काम द्या, म्हणजे अमुक विषयावरची जुनी चर्चा शोधा, एक प्रश्न टाका, ओळखपानातली संस्था बदला. मग तोंडाला कुलूप. 'तिथे उजवीकडे बघा ना' म्हणायची फार इच्छा होते, म्हणायचं नाही. तर्री-पोह्याचा खर्च धरूनही ही तपासणी एजन्सीच्या एका मीटिंगपेक्षा स्वस्त पडते.

अशाच एका बैठकीत मी पाहिलं, एक प्राध्यापिका मोबाइलवर तीन मिनिटं नुसत्या वर-खाली करत होत्या. शोधखिडकी सापडत नव्हती, कारण पडदाभर सत्काराच्या फोटोंची सरकती पट्टी होती. तो स्लायडर काढायला मला जेवढं भांडावं लागलं तेवढं नव्या सर्व्हरसाठीही लागलं नाही.

आता मुख्य काम: शोध. तुमचा निम्मा वेळ आणि बराच पैसा इथे घाला. बारा वर्षांचं साहित्य साइटवर आहे, पण सापडत नाही. म्हणून तोच प्रश्न पाचव्यांदा येतो, आणि जाणती माणसं वैतागून उत्तरं द्यायचं सोडतात. साइट मंदावण्यामागे मला बहुतेक वेळा हेच दिसलं आहे.

मराठीत शोध का फसतो हे एजन्सीला बसवून समजवावं लागेल, कारण तयार सॉफ्टवेअर इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून बनलेलं असतं. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचं अंगच बदलतं. पाणी, पण पाण्यात. संत्रा, पण संत्र्यावर. कापूस, पण कापसाचा. खिडकीत 'कापूस' टाकलं तर 'कापसावरील बोंडअळी' हा धागा येतच नाही. सुरुवातीची अक्षरं जुळली की दाखव, असं यंत्राला सांगितलं तर 'संत्र' आणि 'पाण' यांवर काम भागतं, पण 'काप' म्हटल्यावर कापणी, कापड, कापूर असा सगळा बाजार समोर येतो. यावरचा उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: सभासदांच्या विषयांतले दोन-तीनशे महत्त्वाचे शब्द काढा आणि हाताने एकाच अर्थाच्या शब्दांची यादी करा. कापूस, कापसा, कपाशी, पऱ्हाटी, कॉटन ही एक ओळ. शेतकरी पऱ्हाटी म्हणतो, कापूस संशोधन संस्थेतला शास्त्रज्ञ पेपरात कॉटन लिहितो, आणि समाजशास्त्राची विद्यार्थिनी मुलाखतीतलं वाक्य जसंच्या तसं टाकते. तिघंही एकाच पिकाबद्दल बोलत असतात आणि तुमची साइट त्यांची गाठ पडू देत नाही. या तिघांना एका पानावर आणणं हेच अशा साइटचं काम; ते आपल्या जागी दुसरं कोणी करणार नाही.

आता त्या पऱ्हाटीतलं 'ऱ्ह' पाहा. ते टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि पुढे ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राला मात्र दोन निराळे शब्द. वऱ्हाड, दऱ्या, शेतकऱ्यांच्या, सगळ्यांची तीच गत. विदर्भातल्या संशोधकांच्या साइटवर 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द शोधल्यावर काही धागे येत नसतील, तर बाकीच्या डिझाइनबद्दल बोलण्यात काय अर्थ? साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची, एवढाच इलाज. त्याच फेरीत १९२३ मराठी आकड्यांत लिहिलं काय आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलं काय, सारखं धरा. 'संबंध' आणि 'सम्बन्ध'ही एक करा. चांगल्या प्रोग्रॅमरला दोन-तीन दिवस लागतील.

जुन्या पीडीएफही तपासून घ्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं लेखन डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरांचा कचरा असतो. ते युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय कोणत्याच शोधाला सापडणार नाही. सगळं बदलायला वेळ नसेल तर निदान शीर्षक, लेखक आणि चार ओळींचा सारांश हाताने टाइप करून सोबत ठेवा.

सापडलेलं उत्तर जुनं असणं ही याच्या पुढची अडचण. तुमच्या साइटवर नियमांवरचे प्रश्न भरपूर असणार. पीएचडी जमा करण्याआधी शोधनिबंध छापलेला असणं २०१६ च्या यूजीसी नियमांत सक्तीचं होतं, २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. म्हणजे २०१९ मधलं 'आधी यादीत जर्नल आहे का पाहा' हे तेव्हाचं अगदी बरोबर उत्तर आज एखाद्याला भलत्या वाटेला नेईल. ते पुसू नका, पत्ता तोच ठेवा. फक्त वर ठळक पट्टी द्या: हे जुन्या नियमांनुसार आहे, नवं उत्तर इथे. आणि प्रत्येक उत्तरावर पूर्ण तारीख दिसू द्या. 'सहा वर्षांपूर्वी' असं लिहिण्याची हल्लीची फॅशन संशोधकाच्या काही कामाची नाही. त्याला संदर्भात तारीख लिहायची असते.

ओळखपानांबद्दल. 'संस्था' हा मोकळा रकाना ठेवलात की घोळ सुरू होतो, कारण आपल्याकडच्या संस्थांची नावं बदलत आली आहेत. नीरी १९७४ पर्यंत वेगळ्या नावाची होती. व्हीएनआयटी या इंजिनिअरिंगच्या संस्थेला आजही जुने लोक व्हीआरसीईच म्हणतात. ते नाव २००२ मध्ये बदललं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव त्याला २००५ मध्ये मिळालं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेली. एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आता स्वतंत्र विद्यापीठ आहे. एकाच सरांच्या तीन पेपरांवर तीन पत्ते असू शकतात आणि तिन्ही खरे. त्यामुळे संस्था यादीतूनच निवडायला लावा, तिच्यासोबत 'पासून-पर्यंत' वर्षं द्या, आणि जुनी नावं शोधात त्याच संस्थेला जोडा.

माणसांच्या नावाचं तर विचारूच नका. ए. आर. देशमुख या नावाची चार खाती एका साइटवर मी स्वतः पाहिली. तीन वेगळी माणसं होती आणि एकाने पासवर्ड विसरून दुसरं खातं काढलं होतं. ऑर्किड आयडी, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, हा यावरचा सरळ उपाय. २०१२ पासून आहे, मोफत आहे, सोळा अंकी आहे, आणि पेपर पाठवताना बऱ्याच जर्नलांत मागतातच, म्हणजे बहुतेकांकडे असणार. त्यानेच लॉगिन करू द्या. पेपरांची यादी तिथूनच आणता येते. जन्मतारीख, मोबाइल नंबर, घरचा पत्ता वगैरे चौदा रकाने कुठून आले कोण जाणे, ते काढा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर नको ती माहिती बाळगणं ही उगाच ओढवून घेतलेली जोखीम आहे.

आता जे कोणी समितीच्या बैठकीत बोलत नाही ते. लोक लिहीत का नाहीत? नील्सन यांनीच २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा आहे: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सतत लिहितो. म्हणून गप्प सभासदांना मेलेले समजू नका, वाचणारेही तुमचेच. पण आपल्याकडच्या गप्प बसण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते म्हणजे गाइड. त्याच साइटवर गाइड सर आहेत, हेड आहेत, उद्याचे परीक्षक आहेत. 'रिग्रेशनमध्ये ही किंमत उणे का आली' असं तिथे विचारलं तर 'याला एवढंही येत नाही' हे सगळ्यांना कळेल, अशी भीती. मग ती मुलगी व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला विचारते, तिलाही येत नसतं, आणि दोघी मिळून चुकतात. दुसरी भीती विषय चोरीला जाण्याची. ती सगळीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

यावर मला जमलेला तोडगा असा. प्रश्न विचारणाऱ्याला नाव झाकायची सोय द्या. वाचणाऱ्यांना फक्त 'पीएचडी विद्यार्थी, रसायनशास्त्र' एवढं दिसेल, खरं नाव दोन संचालकांनाच माहीत असेल. उत्तर देणाऱ्याचं नाव मात्र उघड. खोड्या होत नाहीत, कारण नाव कुठेतरी नोंदलेलं असतं. प्रश्नांचे विभागही विषयाऐवजी कामाप्रमाणे पाडा: नमुने कसे घ्यावेत, सॉफ्टवेअर, लेखन, जर्नल, नियम. पद्धतीबद्दल विचारताना आपला निष्कर्ष उघडा करावा लागत नाही, आणि भूगोलवाल्याचं उत्तर मृदाशास्त्रवाल्याला कामी येतं. विषयवार चाळीस विभाग पाडले की त्यातले पस्तीस ओसाड दिसतात.

गुण आणि बिल्ले मी काढूनच टाकतो. साठीच्या सरांना 'कांस्यपदक विजेते' म्हणणं बरं दिसत नाही. त्यापेक्षा वर्षाअखेरीस 'आपल्या इतक्या उत्तरांचा सभासदांना उपयोग झाला' असं मंडळाचं सही-शिक्क्याचं पत्र द्या. हसू नका, ते फाइलला लागतं.

ॲप नको. दोन ॲप स्टोअरसाठी दर वर्षी दुरुस्त्या करत बसाल आणि लोक ते एकदा उतरवून विसरतील. मोबाइलवर नीट उघडणारी साइट पुरेशी आहे. संशोधक दिवसभर राहतो तो मेलमध्ये. त्यामुळे आठवड्यातून एक मेल पाठवा, आणि त्यात पाच न सुटलेले प्रश्न, दोन उत्तम उत्तरं, बस. मेललाच उत्तर दिलं की ते थेट साइटवर जावं, ही सोय मात्र जरूर घ्या. लॉगिनच्या पायरीवर गळणारे ज्येष्ठ लोक या एका सोयीने परत येतात. मेल स्पॅममध्ये जात नाहीत ना तेही पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले आहेत, मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी डोमेनवर नीट हव्यात.

सॉफ्टवेअर कोणतं? मी डिस्कोर्स हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर घेईन. मोफत आहे, मेलने उत्तर देता येतं, पीएचपीबीबीतून साहित्य आणायची तयार सोय आहे, आणि गणिती सूत्रं दाखवता येतात. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ते चालत नाही, स्वतंत्र छोटा सर्व्हर लागतो. हे समितीला आधीच सांगा. एजन्सी 'सगळं आम्हीच शून्यापासून लिहून देऊ' म्हणाली तर हात जोडा. दोन वर्षांनी लिहिणारा मुलगा पुण्याला गेलेला असतो.

साहित्य हलवताना आधी प्रतीवर तालीम करा. धागे किती, पोस्ट किती, सभासद किती हे आधी-नंतर मोजा, आणि पन्नासेक पानं डोळ्यांनी वाचा. मधे कधी होस्टिंग बदललं असेल तर मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतील. अक्षरसंचाचा तो घोळ दुरुस्त होतो, पण हलवण्याआधी. जुने पासवर्ड आणायच्या फंदात पडू नका, पहिल्या वेळी मेलवर लॉगिनची लिंक पाठवा. आणि म्हणूनच तीन महिने आधीपासून सभासदांना मेल पत्ता तपासायला सांगा. निवृत्त झालेल्यांचा संस्थेचा मेल बंद झालेला असतो, पास झालेल्या विद्यार्थ्यांचाही. नेमकी जाणती माणसं दाराबाहेर राहायला नकोत.

मुहूर्त वर्धापनदिनाचा धरू नका. परीक्षा आणि पेपर तपासणीचा मोसमही टाळा. कॉलेजात नॅकच्या मूल्यांकनाची तयारी चालू असेल तर कोणाला काही सांगूच नका. आधी पन्नास सभासदांना महिनाभर वापरू द्या, मग सगळ्यांना. आणि एकूण पैशांतला तिसरा हिस्सा पुढच्या वर्षभरासाठी राखून ठेवा. खऱ्या तक्रारी साइट चालू झाल्यावर येतात.

हे सगळं पुढचं. आज संध्याकाळी फक्त एक करा: साइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि ते कधी संपतं ते पाहा. बारा वर्षांपूर्वी बहुतेक ते एखाद्या हुशार विद्यार्थ्याने स्वतःच्या मेलवरून घेतलेलं असेल, आणि तो आता परदेशात असेल. त्याला गाठा आणि ते मंडळाच्या नावावर करून घ्या. मग एजन्सीला फोन करा.